जयमालाबाईंची फेरमोजणी

देऊळघाटच्या जयमाला इंगळे सतरा वर्षं शेतं मोजत होत्या. आधी फीत ओढली, मग दुर्बीण लावली आणि आता तीन वर्षांपासून उपग्रहावर चालणारं यंत्र. गुडघे बोलू लागले होते, पण मोजणीच्या खाजगी एजन्सीत त्यांच्याइतकं जुनं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

फाल्गुनात त्यांनी संग्रामपूरकडचे आठ गट मोजून हद्दीचे दगड रोवले. चैत्रात एका जुन्या, पक्क्या खुणेवर सहज यंत्र लावलं, तर आकडा वीतभर सरकलेला. त्यांनी लगेच एजन्सीच्या शेखरसाहेबांना फोन केला.

“जवळ टिनाचं शेड असंल, नाही त मोठं झाड,” साहेब म्हणाले. “त्यावर आपटून येते सिग्नल. मोकळ्यात लावून पाहा.”

बाईंनी मोकळ्या माळावर लावलं. सकाळी, भर दुपारी, उन्हं कलताना. तीन दिवस. आकडा काही जागेवर येईना. चौथ्या दिवशी एजन्सीच्या दुसऱ्या तुकडीचं यंत्र मागून आणलं आणि त्याच अँटेनाला, त्याच तारेनं जोडलं. आकडा नीट बसला.

म्हणजे बाहेर काहीच आपटत नव्हतं. आपटत होतं ते यंत्राच्या पोटात. दुरुस्तीच्या कारागिरानं खोकं उघडलं तेव्हा तार जिथं आत शिरते तिथला डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, तडकलेला दिसला. सिग्नल तिथं येऊन थोडा मागं फिरायचा, तारेतून वर जायचा, पुन्हा खाली यायचा. एकाच सिग्नलचा खरा आणि उशिराचा असे दोन मिसळायचे. प्रत्येक उपग्रहाचा घोळ निराळा, त्यामुळे यंत्राचा हिशेबच चुकायचा.

“दुरुस्त झालं ना? बस मग,” शेखरसाहेब म्हणाले. “वीतभरानं काय होते? सह्या झाल्या लोकांच्या. राहू द्या.”

“सर, सह्या माह्या मोजणीवर झाल्या. मी पुन्हा मोजाले जाऊन राह्यली.”

बुलढाण्याहून नांदुरा, तिथून संग्रामपूर. सबंध वाट यंत्राची पेटी मांडीवर. पहिलं शेत केसरबाईंचं. म्हातारपणी त्या एकट्याच ते कसत. बांधावर पाहिलं तर निंबाचा नुसता बुंधा. दगडाच्या रेषेनं झाड शेजारच्या पंजाबरावांच्या वाट्याला गेलं होतं. त्यांनी ते तोडलं होतं.

दुपारपर्यंत मोजून झालं. बाई बांधावरच बसल्या.

“आजी, माह्या यंत्रात बिघाड होता. दगड चुकला. निंब तुमचाच होता.”

केसरबाईंनी बुंध्यावर हात ठेवला. “मी तवाच म्हनत होती, माह्या सासऱ्यानं लावला म्हून. तू म्हने, यंत्र खोटं बोलत नाही.”

“हाव. म्हटलं होतं मी.”

“आता दगड हलवून निंब येते काय?”

माफी मागावी असं जयमालाबाईंच्या मनात होतं, पण शब्द फार हलके वाटले.

केसरबाईंनीच तांब्या पुढं केला. “पानी पे. लय ऊन हाये.”

पंजाबराव आले, त्यांनी नव्या कागदावर सही केली. जाता जाता एवढंच म्हणाले, “लाकडं त जळली, बाई.”

दगड वीतभर सरकवून पुन्हा रोवला. जयमालाबाईंनी पेटी उचलली. सात गट बाकी होते आणि पुढचं शेत दीड कोसावर होतं.