स्थळासाठी केलेला फोटो

सिनेमात पोलिसांच्या कॉम्प्युटरवर चेहरे भराभर सरकायचे, एका चेहऱ्यावर चौकट थांबायची आणि दोन मिनिटांत माणूस सापडायचा. दोन हजार सालानंतर मी शिवाजी पेठेतल्या एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर फोटो साफ करायचो. दिवसभर चेहरेच बघत असल्यामुळं मला हे सगळं खरं वाटायचं.

तेव्हा दादाला स्थळं बघणं चाललं होतं. लहानपणी विळा लागून त्याच्या गालावर मोठा वण राहिला होता. मी स्टुडिओतल्या डिजिटल कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला, माउसनं वण पुसला, रंगही जरा उजळ केला. आई खूश झाली. पण मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिच्या मामांनी फोटो आणि दादा आलटूनपालटून बघितले. भर बैठकीत म्हणाले, "ह्यो त्यो न्हवंच की!" दादा मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी तो न सांगता घरातून गेला.

मोठेपणीचा दुसरा फोटो घरात नव्हता, म्हणून चौकीत तोच दिला. कॉम्प्युटरवर टाकून बघा म्हटल्यावर हवालदार हसले. "पावणं, आमचा कॉम्प्युटर टायपिंगला हाय. झेरॉक्स काढा आन् एस्टी स्टँडवर लावा."

कंडक्टरांच्या हाती झेरॉक्स सगळीकडं पाठवल्या. तरी जीव थाऱ्यावर राहीना. घरात बसलं की आईचं तोंड बघवत नव्हतं. शाहूवाडी, मलकापूर करत आठव्या दिवशी गगनबावड्याला पोचलो. स्टँडवर आमचा कागद लावलेला होता. शेजारच्या चहावाल्याला विचारलं. तो कागदाकडं नाही, माझ्याकडंच निरखून बघत राहिला.

"तुमच्या तोंडवळ्याचा एक जण हितं दोन दिस बसून हुता बगा. पर त्येच्या गालावर ह्यो एवढा वण. कागदातला न्हाई म्हणून बोललो न्हाई. सकाळीच कोकणच्या गाडीनं गेला."

मागच्या गाडीनं मी घाट उतरलो. दोन दिवस फिरलो, दादा सापडला नाही. सिनेमातल्या यंत्राला कुणी खोटा फोटो देत नाही. मी दिला होता, माझा मलाच संताप आला.

परत येऊन थेट स्टुडिओ गाठला. मूळ फोटोवरच मी नवा सेव्ह केला होता, जुना गेला होता. म्हटलं, फोटोत वण परत घालू, नव्या झेरॉक्स लावू. माउस हातात घेतला आणि हात थांबला. वण डाव्या गालावर होता की उजव्या, मला आठवेना.