चौथं कडवं

साडीवर टिकल्या चिकटवायच्या डिंकाचा वास आला की मला कडोदऱ्याची आमची खोली आठवते. मी सातवीत होते. धाकटा भाऊ तापाने जाऊन महिना झाला होता. आईची बोटं डिंकाने माखलेली, आणि तिला लिहिताही येत नव्हतं. म्हणून ती आमच्या अहिराणी बोलीत गुणगुणायची ते मी वहीत उतरवत होते. तीन कडवी झाली. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, "मना पोऱ्या गया, तव तू कोठे व्हता देवा?"

भेटायला आलेल्या चर्चच्या पाळकांनी वही वाचली. "ताई, गीत चांगलं आहे. पण शेवटी आशा पाहिजे."

"ती मनाकडे नही शे," हातातली साडी खाली न ठेवता आई म्हणाली.

पाळक माझ्याकडे वळले. "तू शिकतेस ना? मग तू लिही."

मला केवढा अभिमान वाटला! शाळेतल्या कवितांसारखी पहाट, प्रकाश, पुसलेले अश्रू असं सगळं घालून मी चौथं कडवं लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आईने मान खाली घालून पुढची टिकली चिकटवली. मला वाटलं, तिला आवडलं.

आता मी कॉलेजात आहे. खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती वही गेली. पाळकांनी गीत चर्चमध्ये नेलं होतं, पण तिथे वेळ वाचवायला शेवटचं, माझंच कडवं छापलंय आणि तेवढंच म्हणतात. ते काढायला सांगू का, असं मी एकदा चाचरत विचारलं.

"मंग काय ऱ्हाई?" आई म्हणाली.

छापील कागदावर त्या कडव्याखाली तिचंच नाव आहे. सगळे उभं राहून गातात, तेव्हा ती तोंड मिटून उभी असते.