दुसरा घाव

चंद्रशेखर पाटकरांनी आयुष्यभर मासे खाल्ले, पण स्वतःच्या हातानं पहिला मासा मारायला घेतला तो पन्नाशी उलटल्यावर, बाल्टिक समुद्राच्या काठावर. आणि ते काम फार वाईट केलं.

जर्मनीतल्या कील शहरात जहाजांच्या रडारचं सॉफ्टवेअर लिहिणारा हा माणूस. घरात कोळी निघाला तर ग्लासात पकडून बाल्कनीत सोडणारा. शेजारच्या ऊवे नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांना समुद्री ट्राउटचा नाद लावला. छातीपर्यंत रबरी विजार चढवायची, कमरेइतक्या थंडगार पाण्यात उभं राहायचं आणि गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पुन्हा पुन्हा लाटांपलीकडे फेकत राहायची. पहिला मासा लागला तो रुपेरी, हाताएवढा लांब. इथल्या कायद्यानं मासा तडफडत ठेवता येत नाही. आधी डोक्यात दांडकं घालून बेशुद्ध करायचा, मग काळजात सुरी. पाटकरांचा हात कचरला. पहिला फटका कल्ल्यावर बसला, दुसरा डोळ्यावर. मासा दगडांवर आपटत राहिला आणि रक्ताचे शिंतोडे त्यांच्या चष्म्यावर उडाले. ऊवेनं दांडकं हिसकावून एका घावात काम संपवलं.

"हळू मारलंस म्हणजे दया केलीस असं नाही," तो म्हणाला. "एकदाच मारायचं. पूर्ण जोरानं."

पाटकर ते शिकले. ऊवे वारल्यावर एकटेच जाऊ लागले. सुट्टीच्या दिवशी डब्यात पोळीभाजी घ्यायची आणि हिवाळी समुद्र गाठायचा.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी ईशान्येचा वारा सुटला होता. लाटा किनाऱ्यावरचे धोंडे उचलून आपटत होत्या. गळ टाकायला थोडा आडोसा मिळावा म्हणून पाटकर कड्याखालून पुढे चालत गेले. तिथे एक ओढा समुद्राला मिळतो. शरदात ट्राउटच्या माद्या अंडी घालायला याच ओढ्यातून वर चढतात, म्हणून तेवढे महिने त्याच्या मुखाशी मासेमारी बंद असते. त्या मुखावर आडवं जाळं लावलेलं होतं. दोन माणसं ते ओढत होती. दगडांवर तपकिरी पडलेल्या, पोटं फुगलेल्या माद्या पसरल्या होत्या. त्या दोघांतला धिप्पाड माणूस जिवंत मादीचं पोट चिरून नारिंगी अंडी बादलीत पिळत होता आणि उरलेला मासा मागे भिरकावत होता.

"इथे बंदी आहे," पाटकर जर्मनमध्ये म्हणाले. "माहीत आहे ना तुम्हाला?"

"चालता हो, म्हाताऱ्या."

पाटकरांनी फोन काढला. फोटो निघायच्या आत त्या धिप्पाड माणसाचा ठोसा त्यांच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना आतून ऐकू आला. फोन पाण्यात गेला. त्या माणसानं त्यांची गळाची काठी गुडघ्यावर घेऊन मोडली आणि त्यांना छातीत लाथ घातली. पाटकर उताणे पाण्यात पडले. विजारीत बर्फासारखं पाणी शिरलं. उठायला म्हणून ते पालथे झाले, तेवढ्यात पाठीवर गुडघा आला, मानेवर पंजा आला, आणि तोंड तळाच्या वाळूत दाबलं गेलं.

त्यांनी पाणी गिळलं. पुन्हा गिळलं. एक हात कसाबसा कमरेशी गेला. तिथे पट्ट्याला दांडकं लटकत होतं. ते त्यांनी उपसलं आणि न बघता मागे फिरवलं.

पाठीवरचं वजन ढिलं झालं. मान मोकळी झाली. पाटकर खोकत गुडघ्यांवर उठले आणि वळले. तो माणूस डोक्याला हात लावून पाण्यात बसला होता. त्याच्या बोटांतून रक्त वाहत होतं. दुसरा हात त्यानं वर केला होता, थांब म्हटल्यासारखा. पाटकरांनी ते सगळं पाहिलं. मग दांडकं उगारलं आणि पूर्ण जोरानं त्याच्या तोंडावर घातलं.

डोळ्याखालचं हाड आत गेलं. माणूस तोंडावर पाण्यात पडला. त्याचा जोडीदार केव्हाच कड्यावर चढून पळाला होता आणि वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पाटकर खाली वाकले. मग दांडकं टाकून दिलं, त्या माणसाची कॉलर धरली आणि भरलेल्या विजारीनिशी, पडत-उठत, त्याला दगडांवर ओढत आणलं. त्याच्याच खिशातला फोन काढून ११२ लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत आपला मफलर त्याच्या डोळ्यावर दाबून धरला. मागे चिरलेल्या माद्या अजून हलत होत्या.

हॉस्पिटलात सरितावहिनी आल्या, तेव्हा पाटकरांचं तोंड सुजून काळंनिळं झालं होतं. पोलिसांना काय सांगणार ते त्यांनी बायकोला आधी सांगितलं.

"अहो, त्यानं तुम्हाला बुडवलं, तुम्ही मारलंत. एवढं पुरे आहे," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या फटक्याचं कशाला काढता?"

"तो मीच मारला ना."

त्यांच्या वकीलबाईंनीही समजावलं. "हे बघा, मिस्टर पाटकर, तुम्ही घाबरला होतात. घाबरलेल्या माणसाला कायदा समजून घेतो."

"पहिल्यांदा घाबरलो होतो. दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा मला तो मरायला हवा होता."

त्यांनी पोलिसांना हेच सांगितलं, जसंच्या तसं. हँबुर्गहून आलेल्या ऋचानं, त्यांच्या मुलीनं, ते ऐकलं. संध्याकाळी घरी जेवताना पाटकरांनी ब्रेड कापायला सुरी उचलली आणि तिनं खुर्ची किंचित मागे सरकवली. दोघांनाही ते कळलं. पाटकरांनी सुरी खाली ठेवली. ऋचा हमसून रडली, मग जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटत त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि ब्रेड तिनं कापला.

त्या माणसाचं नाव राल्फ. त्याचा एक डोळा कायमचा गेला. पाटकरांवरची चौकशी सरकारी वकिलांनी वसंतात बंद केली. बुडता बुडता वाचलेल्या माणसाची भीती आणि राग वेगळे काढता येत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. पाटकरांना ते पटलं नाही.

राल्फवर खटला चालला तेव्हा पाटकर साक्षीला गेले. शिक्षा झाली, पण ती स्थगित. बाहेर व्हरांड्यात राल्फ बाकावर एकटाच बसला होता. पाटकर समोरून जाताना तो उठला. सरितावहिनींनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"मला बाहेर का ओढलंत?" राल्फनं विचारलं. "कुणी बघत नव्हतं."

"ते विचार करून नाही केलं," पाटकर म्हणाले. "मारलं ते विचार करून."

राल्फनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग त्याचा वकील आला आणि तो निघून गेला.

"चला," वहिनी म्हणाल्या, "बस येईल."

पाटकर मात्र राल्फ उठून गेलेल्या बाकावर बसले. वहिनींनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.