सुपडू पेंटरची सही

१९९२ साली भडगावला गिरणाकाठी परदेशी चित्रकारांचं महिनाभराचं निवासी शिबिर भरलं. प्रदर्शनाला तास उरला असताना, स्थानिक व्यवस्थापक म्हणून रुबाबात मिरवणारा मी एका जर्मन बाईंच्या नुसत्या रंगांच्या फराट्यांच्या ओल्या चित्राला टेकलो. चित्राचा निळा कोपरा माझ्या सदऱ्याच्या पाठीवर आला.

धावलो ते सुपडू पेंटरकडे. तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच, आणि पाटीखाली मालकाच्या बरोबरीनं त्याचं नाव. स्मशानाच्या फाटकावरसुद्धा त्यानं ‘सुपडू आर्ट’ लिहायचं सोडलेलं नाही! त्याला तसाच शिबिरात आणला.

माझ्या पाठीकडे बघत बघत त्यानं रंग जुळवला आणि दहा मिनिटांत कोपरा भरला. माझा जीव टांगणीला. आता हा सवयीनं नाव ठोकणार आणि माझं बिंग फुटणार! पण त्यानं नाव न टाकताच ब्रश पुसला.

बाई आल्या, चित्रापुढे बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, हा कोपरा आज बोलायला लागलाय. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हळूच विचारलं, “सुपडूभाऊ, स्मशान नाही सोडलंस, मग इथं नाव का नाही टाकलंस?”

त्यानं चित्राकडे बोट दाखवलं, “उद्या लोके मालेच इचारतीन, हाई काय काढेल शे!”