चार बळी आणि डब्यातलं मीठ

फोन आला तेव्हा मी भाऊजींवरच चिडलेली होते. रविवारी नेलेला डबा मंगळवार उजाडला तरी परत आला नव्हता, आणि तो माझ्या माहेरचा स्टीलचा, तीन पुडांचा डबा. हात पदराला पुसले, फोन उचलला आणि "अहो, डबा कुठाय माझा?" असंच म्हणाले. पलीकडे त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई निघाल्या. मला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. पेपर दाराबाहेर तसाच पडलाय, बेल वाजवली, मग इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला बोलावून किल्लीने दार उघडलं... झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. त्यांना नसेल झाला. ज्यांच्या गळ्यात ते आपला ब्लॉग अडकवून गेले, त्यांना विचारा म्हणावं.

भाऊजी म्हणजे माझे दीर, श्रीधर. आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. हे लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात होते, भाऊजी त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे मी पुष्कळदा विचारलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, "वहिनी, रविवार मोकळा राहत नाही हो मग." पेन्शनीत निघाल्यावर आम्ही सगळेच कार्ल्सरूहेला आलो. आम्ही मुलीजवळ म्हणून आलो आणि भाऊजी आमच्या स्वयंपाकघराजवळ म्हणून. त्यांचं घर आमच्यापासून ट्रामचे दोनच स्टॉप. मला वाटलं, चला, आता निदान रविवारी तिघं एकत्र पानावर बसू. कसलं काय!

झालं असं, की एका रविवारी आमच्याकडे जेवायला येताना ते एका मैदानावरून चालले होते. मैदान एका जुन्या फुटबॉल क्लबचं. तिथून त्यांच्या कानावर आलं, "अरे झेल ना लेका, बघत काय बसलायस!" झालं. ट्राम गेली, जेवण गेलं, माझी आमटी गार झाली. विद्यापीठात शिकणारी ही पोरं, त्यातली निम्मी पुण्या-सांगलीकडची, भाड्याच्या मैदानावर क्रिकेट खेळत होती. लीगमधल्या सगळ्यात खालच्या विभागातली टीम, आणि त्या विभागातही तळाला. मी म्हटलं, अहो, एवढं हरतात तर ह्यांना काढून कसं टाकत नाहीत? तर म्हणे, "वहिनी, तीच तर गंमत आहे. आपल्याला कोणी खाली ढकलूच शकत नाही. खाली काही नाहीच." ते 'आपल्याला' ऐकलं आणि मी कपाळाला हात लावला. पहिल्या दिवसापासून 'आपण'!

मग ब्लॉग आला. दर रविवारी मॅच, दर सोमवारी ब्लॉगवर त्या मॅचचं वर्णन, आणि तेही मराठीत. लहानपणी रेडिओवर ऐकलेलं, पेपरात वाचलेलं सगळं क्रिकेट त्यांच्या पोटात तसंच्या तसं होतं. फलंदाज तंबूत परतला, डावाला खिंडार पडलं, शेपूट वळवळलं. मी म्हणायची, जर्मनीत राहून मराठीत लिहिता, वाचणार कोण? वाचणारे निघाले, तेही भलतेच. त्या पोरांच्या आया! जळगाव, नाशिक, कुठकुठून. त्यांना क्रिकेटचं काही नव्हतं हो. त्यांना बघायचं असायचं, आपला मुलगा खेळला म्हणजे तब्येत बरी आहे, धावत होता म्हणजे जेवतो आहे. सांगलीच्या शुभांगीताई, म्हणजे प्रथमेशची आई, प्रत्येक लेखाखाली लिहायच्या, "छान. प्रथमेशने स्वेटर घातला होता का?" आणि भाऊजी खरंच उत्तर द्यायचे, "पहिली दहा षटकं घातला होता, नंतर कमरेला बांधला." एकदा त्या बाईंनी लिहिलं होतं, हा मुलगा फोनवर 'ठीक आहे'च्या पुढे बोलत नाही, बाकीचं मला तुमच्याकडून कळतं.

आणि शेवटची ओळ डब्याची. पोरांना मध्यंतरात खायला म्हणून डबा माझ्याकडून जायचा, आणि लेखाच्या शेवटी त्याचा निकाल लागायचा. "डबा: थालीपीठ. मीठ जास्त." "डबा: मसालेभात. मीठ पुन्हा जास्त." सगळ्या महाराष्ट्रातल्या आयांपुढे! सोमवारी ते वाचलं की माझा फोन ठरलेला.

"भाऊजी, पोरं बोटं चाटून खातात, आणि तुम्हालाच बरं खारट लागतं?"

"पोरं उपाशी असतात वहिनी. त्यांचं मत धरायचं नसतं."

"मग उद्यापासून करत नाही."

"गेनाऊ," म्हणायचे. जर्मनीत राहून त्यांनी हा एक शब्द मनापासून उचलला होता. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. पण भाऊजींच्या तोंडी त्याचा अर्थ एकच, की तुम्ही काय वाटेल ते म्हणा, मी ऐकत नाहीये. आणि शनिवारी बेल वाजायची... "वहिनी, उद्या काय?"

आता तो बळींचा प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. इकडे कायदा असा, की ब्लॉग काढला की त्यावर जबाबदार माणसाचं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. इम्प्रेसुम म्हणतात त्याला. भाऊजींनी नाव स्वतःचं दिलं, पत्ता आणि फोन माझा! का, तर म्हणे, "माझी बेल बिघडलेली असते आणि मी फोन उचलत नाही." एक दिवस मी पोळ्या लाटत होते, आणि ज्यांचं मैदान त्या क्लबचे सेक्रेटरी हेर बाउमान ह्यांचा फोन. आवाज घाबरलेला. त्यांनी बिचाऱ्यांनी, आपल्या मैदानाबद्दल काय लिहिलंय बघावं म्हणून, सगळा लेख मशीनमधून जर्मनमध्ये करून घेतला होता. आणि त्यात आलं होतं, की रविवारी ह्या गवतावर दुपारच्या आत तीन माणसांचे बळी घेण्यात आले. चौथ्याला जीवदान मिळालं, परंतु त्याचा फायदा न घेता तो तंबूत परतला. बाउमान म्हणाले, "बाई, मी स्वतः तिथे होतो. मला तर सगळे वडे खाताना दिसले." आणि मग हळूच, "तो चौथा... आता कसा आहे?"

मला हसावं का रडावं कळेना. ह्यांनी फोन घेतला आणि बराच वेळ समजूत काढली. मैदान राहिलं. मी भाऊजींना बोलावून सरळ सांगितलं, "अहो, विकेट लिहा ना! सगळं जग विकेट म्हणतं. तुमच्या आईलाही विकेट कळत होतं." नाही. ऐकणारच नाहीत. म्हणे, विकेट पडते, बळी घ्यावा लागतो. विकेट आपोआप पडल्यासारखी वाटते, बळीत त्या पोराची मेहनत दिसते. पुढच्याच सोमवारी पुन्हा ठळक अक्षरात बळी! शिवाय बाउमान ह्यांच्यासाठी खाली जर्मनमध्ये एक ओळ, कोणालाही इजा झालेली नाही. ती ओळ मग कायमचीच राहिली. बाउमान अंत्यसंस्काराला आले होते, काळा कोट घालून. माझा हात धरून म्हणाले, सोमवारी मी आधी ती ओळ बघायचो.

तर तो शेवटचा शनिवार. भाऊजी आले, चहा घेतला, कोथिंबीर वडी ठरली. निघताना दारातून, "मीठ जरा हात राखून हं वहिनी." मी ऐकवायचं ते ऐकवलं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी पिठात मीठ टाकताना हात आखडलाच. रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. आपणहून कधी करत नसत. "जिंकलो!" एवढा आवाज की ह्यांना सोफ्यावर ऐकू गेलं. "कोणी काय केलं ते उद्या लिहितो, आज दमलोय." मी म्हटलं, ते राहू द्या, मीठ कसं होतं? तर हसले. "ते उद्या ब्लॉगवर वाचा."

तो उद्या काही आला नाही.

आठवडाभर मी फिरले ती कागदपत्रांत आणि घर रिकामं करण्यात. इथे माणूस गेला तरी त्याची भाड्याची वोनुंग, म्हणजे राहती जागा, भिंती रंगवून परत द्यावी लागते. डबा मिळाला. धुऊन, ओट्यावर पालथा घातलेला. बघितलं आणि तिथेच उभी राहिले. धुवायची अक्कल होती तर आणून द्यायची का नव्हती?

मग एका दुपारी निनाद आला. निनाद म्हणजे टीमचा कॅप्टन, इथे डॉक्टरेट करतो. मागून प्रथमेश, आणि आणखी दोघं. चपला काढून ओळीने बसले, एरवी माझ्या घरात घालतात तो धुडगूस विसरून. निनादने फोन पुढे केला. ब्लॉगवर, आधीच्या लेखाखाली, शुभांगीताईंनी लिहिलेलं होतं, "या रविवारचं अजून आलं नाही. काकांची तब्येत बरी आहे ना?"

"अरे, तिला सांगितलं नाहीस?" मी प्रथमेशला म्हटलं.

तो मान खाली घालून बसला. "नाही जमलं काकू."

"आणि मॅच? जिंकलात ते तरी?"

"त्या दिवशी म्हटलं, काका लिहिणारच आहेत, वाचून कळू दे आईला. मग..."

निनाद म्हणाला, "चार विकेट घेतल्या काकू ह्याने. आजपर्यंत कधी एकीच्या वर घेतली नव्हती. तुम्ही लिहा. नाहीतर बंद करावा लागेल. आम्हाला तसं मराठी येत नाही, आणि तसंही इम्प्रेसुममध्ये आता जिवंत माणसाचं नाव लागतं."

माझं डोकंच फिरलं. मी जुनी अकरावी झालेली बाई. मला पायचीत म्हणजे काय ते आजही कोणी धड सांगितलेलं नाही. म्हटलं, मी मॅच बघितली नाही, मला कळत नाही, मी लिहिणार नाही, आणि जाताना त्यांनी निदान विचारायचं तरी! तेवढ्यात हे म्हणाले, "लिही गं." भाऊ गेल्यापासून ह्यांनी तोंड उघडलं ते तेव्हा पहिल्यांदा. "त्या बाई वाट बघतायत." आणि उठून चहा टाकायला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, चहा टाकायला गेलेले मी पाहिले नव्हते.

मग काय, पोरं सगळी एकदम बोलायला लागली. कोण म्हणे चेंडू आत आला, कोण म्हणे बाहेर गेला. बशा मांडून मला मैदान दाखवलं. चमचा म्हणजे प्रथमेश. मी दोनदा विचारलं, स्वेटर घातला होता का रे? नव्हता. उन्हाचा दिवस होता.

ती गेल्यावर लिहायला बाल्कनीत बसले. तिथे भाऊजींची मैदानावरची घडीची खुर्ची ठेवलेली. तिचा डावा पाय वाकलेला. टाका ती, नवीन घ्या, म्हणून मी जीव खाल्ला होता त्यांचा. बसले तर माणूस सबंध डावीकडे कलतो. समोरचं मेपलचं झाड आणि डावीकडची पार्किंग तेवढी दिसते, उजवं सगळं गायब. आणि एकदम लक्षात आलं, भाऊजींच्या ब्लॉगमध्ये अफलातून झेल घेणारा नेहमी निनादच का असायचा. निनाद त्यांच्या डावीकडे उभा राहायचा! उजवीकडची पोरं बिचारी वर्षानुवर्षं झेल घेत असतील, भाऊजींना दिसले कधी? मी एकटीच मोठ्याने हसले.

शेवटी लिहिलं. आधी भाऊजींची बातमी लिहिली, साध्या शब्दांत, कारण शुभांगीताईंना ती कोणाच्या तरी तोंडून नीट कळायला हवी होती. मग मॅच. "प्रथमेशने चार" इथपर्यंत आले आणि थांबले. विकेट लिहिणार होते. सगळं जग विकेट म्हणतं. पण त्या पोराचा खाली घातलेला चेहरा डोळ्यांसमोर होता, आणि विकेट खरंच आपोआप पडल्यासारखी वाटायला लागली. "चार बळी घेतले," असं लिहिलं. खाली बाउमान ह्यांच्यासाठी ती जर्मन ओळ जशीच्या तशी ठेवली. इम्प्रेसुममध्ये माझं नाव घातलं. पत्ता आणि फोन काय, माझेच होते.

निनादला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काकू, डब्याची ओळ?"

"तुम्ही खाल्ल्यात ना वड्या? सांगा, मीठ कसं होतं?"

"छानच होत्या काकू. नेहमीसारख्या."

पोरांचं मत धरायचं नसतं, हे मला आता पटलं. बाकी सगळ्यांना फोन करून पाहिले. सगळ्यांचं तेच, छान, मस्त, एक नंबर. एकालाही मिठाची चव नाही. ज्या एका माणसाला होती, तो "उद्या वाचा" म्हणून हसत फोन ठेवून गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या सांगण्यावरून हात राखला होता तो बरोबर राखला की नाही, हे मला कधी कळणार नाही. भाऊजी, ह्याला काय म्हणावं? पण ओळ तर हवीच. बायका वाट बघत असतात. म्हणून खाली लिहिलं, "डबा: कोथिंबीर वडी. मिठाचा निकाल राखून ठेवला आहे."