पहिल्या गाण्याला उभं राहायचं

नवं गाणं लागलं की आमचे भांडेवाले काका उभे राहायचे. नवं म्हणजे कुठलंही नव्हे. एखाद्या गायकाचा पहिलावहिला अल्बम, आणि त्यातलंही पहिलंच गाणं. हातातलं काम टाकून, डोळे मिटून ताठ उभे. दुसरं गाणं सुरू झालं की खाली बसत आणि चहा सांगत.

"कोनी पहिल्यांदा दारात आलं त आपन बसून राह्यतो का, मॅडम?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. "पहिल्या गान्यात तो दारात उभा असते. दुसऱ्यात घरचा झाला. मंग बसा आरामात."

सिंदी मेघेत आमच्या घराला लागून त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. मी देवळीच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी बसमधून उतरलं की त्यांच्या दुकानावरूनच घरी जावं लागे, आणि गाणं चालू असलं तर पिशवी हातात घेऊन उभं राहावं लागे. गिऱ्हाइकांचीही सुटका नव्हती. एकदा एक बाई स्टुलावरून उठल्या नाहीत. काकांनी गाणं संपेपर्यंत त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या कुकरचं रबर न घेताच निघून गेल्या.

भांड्यांवर नाव टाकायचं मशीन ते स्वतः चालवत. माझ्या मोठ्या डब्यावर नाव टाकता टाकता असंच कोणाचं तरी पहिलं गाणं लागलं. काका उठले, मन लावून ऐकलं, आणि डबा कागदात गुंडाळून मला दिला. घरी येऊन पाहते तर 'सौ. सुनं' एवढंच. मी तणतणत परत गेले.

"काका, अर्धी राह्यली मी."

"सुरुवात मस्त झाली आहे मॅडम," ते डबा फिरवून पाहत म्हणाले. "पुढचं लोकाले समजते."

त्यांची पारख ऐकण्यासारखी असे. एका पोराच्या पहिल्या गाण्यात शब्द यायच्या आधी बराच वेळ नुसती बासरी होती. काका म्हणाले, "लाजून राह्यला. चपला कुठी काढू म्हनते." दुसऱ्या एका पोरीनं पहिल्या सुरालाच वरची पट्टी धरली, तर हे खूश. "ही सरळ स्वयंपाकघरात गेली पाहा. हिले पानी इचारा लागत नाई." काही गाणी इंग्रजी, काही पंजाबी, काही कुठल्या मुलखातली ते कोणालाच ठाऊक नाही. मी विचारलं, "काका, समजते का हे?" तर म्हणाले, "पाव्हन्याची भाषा समजली नाई म्हनून त्याले दारातूनच वापस पाठवता का तुमी?"

या सगळ्यात एकच व्यक्ती कधी उठली नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या काकू. "माहे गुडघे गेले," त्या म्हणत. "कोनाच्या बी पाव्हन्यापायी उठत राहू का मी?"

एकदा काका सगळ्यांसमोर म्हणाले, "माह्या अल्बमच्या पहिल्या गान्याले त उठशील?"

"करा त पहिले. मंग पाहू."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे चेष्टेत चाललेलं नाही.

गुरुवारच्या भजनात ते खंजिरी घेऊन गात. आवाज गोड होता, फक्त वरच्या पट्टीत जाताना भुवया आधी पोचत आणि सूर मागून. काकूंनी 'करा त पहिले' म्हटल्याबरोबर त्यांनी वर्ध्याच्या स्टुडिओची वाट धरली. स्टुडिओ म्हणजे एका पोराची गच्चीवरची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. तिथून परत आले ते डोक्याला हात लावून.

"झालं का गाणं?" मी विचारलं.

"झालं. पन पहिलं म्हनून जमत नाई. दुसरं म्हनून चालते."

मग ते दुसरं गायला गेले. तेही पहिल्याच्या योग्यतेचं झालं नाही, म्हणून तिसरं. प्रत्येक वेळी या खेपेला नक्की, अशा खात्रीनं जात आणि वर्ध्याहून उतरलेलं तोंड घेऊन येत. दुकानात काकू कुकर विकत बसल्या होत्या आणि काकांचं हे असं चालू. आठ गाणी झाली. स्टुडिओवाला पोरगा वैतागून म्हणाला, "काका, आता तरी सांगा, पहिलं कोणतं ठेवू?" काका म्हणाले, "सांगतो." ते सांगायचं राहूनच गेलं. पोळा झाला आणि एका सकाळी दुकान उघडता उघडता ते खाली बसले, ते उठले नाहीत. हार्ट होतं, डॉक्टर म्हणाले. मला अजून त्या शटरकडे बघवत नाही.

तेरवीला तो पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला. भजनंच होती, म्हणून मांडवातल्या स्पीकरला लावली. खंजिरी वाजली आणि काकांचा आवाज आला, "राम राम मंडळी. पहिल्यांदाच भेटून राह्यलो." सगळा मांडव उभा राहिला. वाढपी वरणाची बादली घेऊन जागच्या जागी थांबला. काकू खुर्चीत बसून राहिल्या.

गाणं संपलं, लोक बसले. लगेच खंजिरी. "राम राम मंडळी. पहिल्यांदाच भेटून राह्यलो." माणसं परत उठली. तिसऱ्यालाही तेच. आठही गाणी त्यांनी पहिलं म्हणूनच गायली होती, दर वेळी नव्यानं राम राम घालून. चौथ्याला पोरं खुदूखुदू हसायला लागली, आणि मोठ्यांनाही आवरेना. पाचव्याला म्हातारी मंडळी बसली ती बसलीच. पत्रावळीवरचा भात गार झाला होता. खरं सांगते, सातव्याला मीसुद्धा बसले.

आठवं लागलं तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू मांडवाचा खांब धरून उभ्या राहत होत्या. मी धावले.

"काकू, बसा न. शेवटचंच आहे हे."

"शेवटचं कुठी?" त्या स्पीकरकडे पाहत म्हणाल्या. "पहिलं आहे ते."

कडवं आलं, वरची पट्टी आली, सूर मागून आला. काकू हलल्या नाहीत. गाणं पुरतं संपलं, खंजिरीही थांबली, मग त्यांनी हात पुढे केला.

"धर आता मले. बसव."