मुद्दाम चुकवलेले सूर

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गावात पेटी शिकवायचं शिबिर भरायचं, आणि त्यासोबत मार फुकट मिळायचा. गाव शिरूर कासारच्या बाजूचं. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊस तोडायला गेल्या की गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी राहतात. लेकरं दिसतात ती उन्हाळ्यातच, म्हणून शिबिरही उन्हाळ्यात. शाळेच्या एका खोलीत सतरंजी, दोन पेट्या आणि तालुक्याहून फटफटीवर येणारे सर. मी हंगामात तालुक्याच्या वसतिगृहात राहायची, आणि तेव्हा नुकतीच आठवी पास झाले होते.

डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या. अंगठा काळ्या पट्टीवर न्यायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. चुकलं की ते लाकडी फूटपट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर हाणायचे. आडवी पट्टी नुसती चरचरते, उभी हाडात जाते. बरं, सर रागाने मारतही नसत. मन भलतीकडे ठेवून भाकरी थापावी तसं मारत. घरी माझा बाप रागाने मारायचा, हाताला येईल त्याने, आणि माझ्याआधी मायला. त्यामुळे मला मारातले दोन्ही प्रकार ठाऊक होते.

तरी पेटी मला आवडली. मी दाबेन तोच सूर ती बोलायची. आमच्या घरात माझ्या सांगण्यावरून कोंबडीसुद्धा हलत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात बापाने माझं लग्न काढलं. मुलीच्या लग्नाचं वय अठरा, असं आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेलं आहे, आणि त्याच भिंतीला मांडवाच्या बल्ल्या टेकवून लग्नं लागतात. मुकादम टोळी भरतो ती जोडी बघून. नवरा कापणार, बायको मोळ्या बांधणार आणि वेळ पडली की कोयताही धरणार. एकट्या पोराला कुणी विचारत नाही, म्हणून पोराच्या घरच्यांना कारखाना सुरू व्हायच्या आत सून लागते. सून बघायला आले की आमच्याकडे तोंडाआधी हात बघतात.

उमापूरकडची माणसं आली. पोराच्या आईने माझा उजवा हात धरला आणि एकेक बोट दाबून बघितलं. आदल्याच दिवशी सरांनी मला झोडपलं होतं. बोटं वांग्यासारखी सुजली होती. मी कळवळले.

"पोरीच्या हाताला काय झालं?" तिने विचारलं.

"पेटी शिकती," बाप म्हणाला.

"कोयता धरायचा हात हाय का न्हाई, तेच कळंना. सूज उतरू द्या, मंग बगू."

चहा पिऊन ती माणसं गेली. बापाने कप भिंतीवर फोडला आणि मला लाथ घातली. कोपऱ्यात पडल्या पडल्या मी एवढाच विचार करत होते की ही सूज उतरता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून मी चुकायला लागले. मुद्दाम चुकायलाही आधी बरोबर यावं लागतं. सर चहाला बाहेर गेले की मी अख्खा अलंकार चढता-उतरता सरळ वाजवायची. ते दारात आले की अंगठा काळीवर जायचा. ते हाणायचे. मी हात तसाच पट्ट्यांवर ठेवायची आणि पुन्हा चुकायची. शेजारच्या पोरी आपापली बोटं काखेत दाबून माझ्याकडे बघत बसायच्या. घरी माय हळद लावायला आली की मी हात मागे घ्यायची. पहिल्या दिवशी तिला नवल वाटलं. मग एके दिवशी तिने हळदीची वाटी उचलून फळीवर ठेवली आणि पुन्हा खाली काढली नाही.

उमापूरहून निरोप आला की आम्ही परत येतो. बापाने माझा हात बघितला आणि तो तिरमिरीत शाळेकडे निघाला. मी मागे पळाले.

"माज्या पोरीच्या हाताला मारतोस कामून रं?" म्हणत त्याने सरांना कॉलर धरून उठवलं आणि तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. रक्त पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सांडलं. जन्मात पहिल्यांदा माझा बाप माझ्या बाजूने मारत होता, आणि तेही माझ्या हातात कोयता नीट बसावा म्हणून. मला बरं वाटलं. सरांना मार बसताना बघून फार बरं वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

"तुमची पोरगी मुद्दाम चुकते," सर तोंडावर रुमाल धरून म्हणाले. "मी बाहेर गेलो की चांगलं वाजवते. दाराआडून ऐकलंय मी. मार खायची हौसच आहे तिला. का, ते तिलाच विचारा."

म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि तरी ते हाणत होते.

बापाने कॉलर सोडली आणि माझी वेणी धरली. शाळेपासून घरापर्यंत त्याने मला तसंच ओढत नेलं. लोक ओट्यावर बसून बघत होते. घरात त्याने पट्टा काढला. पाठ, मांड्या, मान, सगळीकडे मारलं. माझे हात तेवढे त्याने सांभाळून वगळले. ते बघून मायने चुलीतलं पेटतं लाकूड ओढलं आणि त्याच्यावर उगारलं. बापाने ते उजव्या मुठीत पकडलं. मायने सोडलं नाही, उलट जोर लावून रेटलं. चामडी जळल्याचा वास घरभर सुटला.

"तुज्यासंगं माजी जोडी लावली तवा मला कुनी इचारलं न्हाई," माय म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता. "ही न्हाई म्हनती. दिसंना का तुला?"

ही बातमी उमापूरला पोचली आणि लग्न मोडलं. बापाच्या हाताची जखम भरली, पण मूठ काही मिटेना. ज्याला मूठ नाही त्याला कोयता नाही. दिवाळीच्या आधी मुकादम दारात आला तेव्हा मायची जोडीच तुटलेली होती. घरात दाणा नव्हता. मायने माझ्याकडे बघितलं, मग मुकादमाकडे. "ही हाय माज्यासंगं," ती म्हणाली. मुकादमाने मला खालून वर बघितलं, म्हणाला, "दोगी बाया लई काम न्हाई वडायच्या," आणि शेवटी कबूल झाला. माझी शाळा कायमची सुटली. त्या हंगामात मी बापाच्या जागी उभी राहून ऊस तोडला. पाचटाने हात कातरले जायचे, कोयत्याच्या दांड्याने तळव्याला फोड यायचे, ते फुटायचे आणि त्यांच्यावर पुन्हा दांडा बसायचा. मी मायला शिव्या दिल्या, मनातल्या मनात, रोज. तिने मला एकीकडून सोडवलं होतं आणि दुसरीकडे नेऊन जुंपलं होतं, असंच मला वाटायचं.

उन्हाळ्यात परत आलो आणि मी शिबिरात जाऊन बसले. सर आले. ओठावर वण होता. त्यांनी मला हाकललं नाही, पेटी माझ्यापुढे सरकवली. मी भाता ओढला आणि उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. बोटं सुटी होईनात. एक दाबलं की शेजारचं सोबत यायचं, आणि दोन सूर एकमेकांत घुसून किंचाळायचे. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"परत मुद्दाम?" सर म्हणाले.

"न्हाई सर. खरंच येईना."

त्यांनी फूटपट्टी उभी धरली.